वडिलांना उचलून गाडीत घालायचं, की जागेवरच छाती दाबत राहायचं?

तुमच्या प्रश्नाचा गोषवारा आधी मांडतो, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. वडील ६८ वर्षांचे, चार वर्षांपूर्वी बायपास झालेली, रक्त पातळ ठेवायची गोळी चालू. घरात तुम्ही आणि आई, त्यात आईचे गुडघे दुखतात. तिसरा मजला, लिफ्ट नाही, मोठं हॉस्पिटल गाडीने पंधरा-वीस मिनिटांवर. सीपीआरचे (हृदय थांबल्यावर छाती दाबून रक्त फिरतं ठेवण्याचे) व्हिडिओ पाहिलेत, पण शंका उरल्यात: बरगडी मोडली तर? ऑपरेशनची जागा उसवली तर? तोंडाने श्वास द्यायलाच हवा का? आणि मुळात हे सगळं करत बसण्यापेक्षा उचलून गाडीत घालून पळालेलं बरं नाही का?

तुम्ही शेवटी विचारलेला प्रश्न खरं तर पहिला आहे. घरात माणसाचं हृदय थांबतं तेव्हा वेळ मुख्यतः दोन ठिकाणी वाया जातो: हृदय थांबलंय हे ओळखण्यात आणि माणसाला उचलून नेण्यात. छाती दाबण्यातल्या चुकांचा नंबर तिसरा. शिकवणाऱ्यांचं बरंचसं लक्ष मात्र या तिसऱ्या गोष्टीवर असतं, कारण मॅनिकिनवर (सरावाच्या पुतळ्यावर) तीच दाखवता येते. म्हणून उत्तर त्या क्रमानेच देतो.

आधी एक फरक. हार्ट अटॅक आणि हृदय थांबणं (कार्डियाक अरेस्ट) या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. अटॅकमध्ये हृदयाची एखादी रक्तवाहिनी तुंबते. माणूस शुद्धीवर असतो, छातीत दुखतं, दरदरून घाम फुटतो, तो तुमच्याशी बोलतो. अशा माणसाची छाती अजिबात दाबायची नाही. त्याला टेकून बसवायचं, चालवायचं नाही, जिना उतरायला लावायचा नाही आणि १०८ ला फोन करायचा. हृदय थांबतं तेव्हा माणूस काही सेकंदांत कोसळतो आणि हाकेला ओ देत नाही. अटॅकमधून अरेस्ट होऊ शकतो, म्हणून छातीत दुखणाऱ्या माणसाला 'जरा पडून राहा, बरं वाटेल' म्हणत खोलीत एकटं सोडायचं नाही. सीपीआर आहे तो दुसऱ्या प्रकारासाठी.

आता ओळखायचं कसं. वडील पडलेले दिसले, तर दोन्ही खांदे धरून हलवा आणि मोठ्याने हाक मारा. प्रतिसाद नसेल तर त्यांना पाठीवर झोपवून छाती-पोटाकडे दहा सेकंद बघा. श्वास नाही किंवा नेहमीसारखा नाही, एवढं दिसलं की पुरे. नाडी शोधत बसू नका. घाबरलेल्या माणसाला बोटाखाली स्वतःचीच नाडी लागते आणि तो 'आहे, आहे' म्हणून थांबून राहतो. सामान्य माणसाला नाडी बघायला शिकवणं मार्गदर्शक सूचनांमधून केव्हाच काढून टाकलंय, ते याच कारणाने.

'नेहमीसारखा नाही' या शब्दांवर थांबतो, कारण सगळ्यात जास्त घात इथे होतो. हृदय थांबल्यावर पहिली काही मिनिटं बऱ्याच जणांमध्ये मेंदूचा तळाचा भाग अधूनमधून श्वासाचे झटके देत राहतो. तोंड उघडतं, हनुवटी वर जाते, घशातून घोरल्यासारखा किंवा घरघर असा आवाज येतो आणि मग बराच वेळ काही नाही. पुन्हा एक आचका. पाण्याबाहेर काढलेल्या माशासारखं. आपल्याकडे याला 'आचके देतायत' म्हणतात, आणि लगेच कुणीतरी म्हणतं, 'श्वास चालू आहे, थांबा, पाणी आणा.' हा श्वास नव्हे. आचका म्हणजेच हृदय थांबल्याची खूण. त्यात एक बरी बाजूही आहे: मेंदू अजून पूर्ण विझलेला नाही, म्हणजे हाच दाबायला सुरुवात करायचा क्षण. रात्री तर हमखास फसगत होते. शेजारी झोपलेल्याला वाटतं, हे नेहमीसारखे घोरतायत. वेगळंच, तुटक घोरणं ऐकू आलं तर हलवून बघा. जागे झाले तर फार तर चिडतील.

दुसरी फसगत फिटची. हृदय थांबताच मेंदूचं रक्त तुटतं, त्यामुळे काही सेकंद हातपाय ताठ होतात किंवा झटके येतात. घरच्यांना वाटतं फिट आली, आणि मग कांदा, चप्पल, दातात चमचा हे सगळं सुरू होतं. (खऱ्या फिटमध्येही यातलं काहीच करायचं नसतं, पण तो विषय वेगळा.) झटके थांबल्यावर श्वास बघा. नीट चालू नसेल तर ते हृदयच.

शंका राहिली तर? दाबायला लागा. हृदय चालू असलेल्या माणसाची छाती दाबली तर तो कण्हेल, हात झटकेल, तुमचा हात बाजूला करेल. थोडं दुखेल, क्वचित बरगडीला इजा होईल, आणि तुम्ही थांबाल. उलट चूक झाली, म्हणजे थांबलेल्या हृदयाला चालू समजून बसलात, तर ती सुधारायला वेळ उरत नाही. रक्त न मिळाल्यास चार ते सहा मिनिटांत मेंदूला इजा व्हायला लागते. अचानक थांबलेल्या हृदयात बहुतेकदा ठोका चालवणाऱ्या विजेच्या संदेशांचा गोंधळ माजलेला असतो. अशा वेळी सीपीआर नाही आणि विजेचा धक्काही नाही, तर वाचण्याची शक्यता दर मिनिटाला साधारण सात ते दहा टक्क्यांनी घटते. दाबत राहिलात तर ही घसरण बरीच मंदावते. तुमच्या हातात आहे ते एवढंच, आणि ते खूप आहे.

आता गाडीचा प्रश्न. तुमच्याच घराचा हिशेब मांडू. ७०-७५ किलोचं निर्जीवासारखं शरीर, अरुंद जिना, प्रत्येक मजल्यावर वळण. शेजारच्या दोघांना हाका मारून, चादरीत घालून, खाली आणून गाडीत बसवेपर्यंत पाच मिनिटं तर जाणारच. पुढे पंधरा-वीस मिनिटांचा रस्ता. या सगळ्या वेळात छाती दाबली जात नाही. मागच्या सीटवर माणूस अर्धवट बसलेला, मान पुढे पडलेली, म्हणजे श्वासाची वाटही बंद. रिक्षात तर विचारूच नका. बसलेल्या माणसाची छाती दाबून मेंदूपर्यंत रक्त चढत नाही, आणि सीटचा फोम तुमचा अर्धा जोर खातो. 'लवकर नेलं' म्हणून जे समाधान मिळतं, त्यात रक्ताशिवाय गेलेली वीस-पंचवीस मिनिटं असतात.

हृदय थांबल्यावर हॉस्पिटलमध्येही पहिलं काम छाती दाबणं आणि विजेचा धक्का देणं हेच असतं. यातलं अर्धं तुम्ही जमिनीवर, पहिल्या मिनिटाला करू शकता. उरलेलं अर्धं १०८ च्या गाडीतून तुमच्याकडे यायला हवं. तुम्ही ते शोधत जायचं नाही. महाराष्ट्रात १०८ ची सेवा २०१४ पासून आहे, ११२ वर फोन केला तरी मदत मिळते. तेव्हा तुमच्या परिस्थितीत उत्तर स्पष्ट आहे: जागेवर.

मात्र हे परिस्थितीवर अवलंबून आहे, हेही मान्य करतो. हॉस्पिटल त्याच आवारात असेल, दोन मिनिटांत स्ट्रेचर येणार असेल, तर गणित बदलतं. एखाद्या पाड्यावर, जिथे ॲम्ब्युलन्सला तास लागणार किंवा ती येणारच नाही, तिथेही बदलतं. तिथे गाडीची सोय होईपर्यंत जागेवर दाबत राहायचं. मग जीपच्या सीटऐवजी पिकअपच्या हौद्यात, सपाट फळीवर झोपवून, दोघांनी आळीपाळीने दाबत न्यायचं. चालत्या गाडीत दाब नीट बसत नाही आणि दाबणाऱ्यालाही धोका असतो, म्हणून हा नाइलाजाचा मार्ग. आणि हे सगळं हृदय थांबलेल्या माणसाबद्दल आहे. शुद्धीवर असलेल्या, छातीत दुखणाऱ्या माणसाला ॲम्ब्युलन्सची खात्री नसेल तर गाडीने जवळच्या योग्य हॉस्पिटलला नेणं चुकीचं नाही.

जागेवर म्हणजे अगदी जिथे पडले तिथेच असंही नाही. पलंगावर असतील तर खाली जमिनीवर घ्या. गादी खाली दबते, छाती दबत नाही. एकटे असाल तर काखेत हात घालून खांदे आधी खाली आणा, डोकं आपटू देऊ नका. घरातले बरेच जण संडास-बाथरूममध्ये कोसळतात आणि तिथे गुडघे टेकायलाही जागा नसते. पाय किंवा काखा धरून, नाहीतर खाली चादर सरकवून ओढत मोकळ्या जागेत आणा. यात दहा-वीस सेकंद जातील, ते वसूल होतात. (ज्यांच्या घरी हृदयाचा रुग्ण आहे त्यांनी बाथरूमची आतली कडी काढून बाहेरून उघडता येईल असं लॅच बसवावं. सुतार अर्ध्या तासात बसवतो.) लाद्या ओल्या असतील आणि गीझर चालू असेल तर हात लावण्याआधी मेन स्विच पाडा.

दाबायचं कुठे आणि कसं? वडिलांच्या बाजूला, त्यांच्या छातीला अगदी खेटून गुडघे टेका. शर्टाची वरची बटणं सोडा. आई किंवा आजी असेल तर पदर बाजूला करा आणि मंगळसूत्राची वाटी हाताखाली येणार नाही अशी खांद्याकडे सरकवा. बाईमाणसाच्या छातीला हात लावायला लोक कचरतात आणि त्यात मौल्यवान मिनिटं जातात. हात जातो तो मधल्या हाडावर, स्तनावर नाही, हे आजूबाजूच्यांना सांगा आणि सुरू करा. एका तळहाताचा मनगटाकडचा जाड भाग छातीच्या मधोमध, मधल्या हाडाच्या खालच्या अर्ध्या भागावर ठेवा. पोटाच्या वर जिथे हाडाचं मऊ टोक लागतं तिथे नको, त्याच्या वर. लोक 'हृदय डावीकडे' म्हणून डावीकडे सरकतात, तेही नको. दुसरा हात पहिल्यावर, बोटं एकमेकांत अडकवून वर उचललेली.

कोपर ताठ, खांदे थेट हातांच्या वर. वाकायचं ते कमरेतून. दंडाच्या जोराने दाबणारा माणूस मिनिटभरात थकतो. धडाचं वजन टाकणारा दोन मिनिटं टिकतो. खोली कमीत कमी पाच सेंटिमीटर, सहाच्या पुढे नको. व्हिडिओत कळत नाही अशी ही गोष्ट आहे: पाच सेंटिमीटर फार वाटतं. मॅनिकिनवर पहिल्यांदा दाबणारा बहुतेक माणूस तीन-चारवर थांबतो, कारण त्याहून खोल जाताना आपण कुणाला तरी इजा करतोय असं वाटतं. घाबरलेल्या नातेवाइकाच्या हातून जास्त दाबलं जाण्यापेक्षा कमी दाबलं जाण्याची शक्यता कितीतरी मोठी.

वेग मिनिटाला १०० ते १२०. म्हणजे तीस दाब पंधरा ते अठरा सेकंदांत. इथे मराठीत मोजणाऱ्यांची एक गंमत होते. 'एक, दोन, तीन' लयीत जातात, पण पुढे 'सत्तावीस, अठ्ठावीस, एकोणतीस' म्हणता म्हणता हात नकळत मंदावतो, कारण तोंड हाताला धरून ठेवतं. म्हणून एक ते दहा तीन वेळा मोजा. दहा आलं की पुन्हा एक. मोठ्याने मोजा, म्हणजे शेजारी बसलेल्यालाही कळतं की पाळी कधी बदलायची.

आता जे सर्वात कमी सांगितलं जातं ते. दाबल्यावर छाती पूर्ण वर येऊ द्या. हात उचलू नका, पण त्यावरचं वजन काढून घ्या. दाबताना रक्त बाहेर ढकललं जातं हे सगळ्यांना कळतं. हृदयात रक्त परत भरतं आणि हृदयाच्या स्वतःच्या स्नायूला रक्त मिळतं ते मात्र छाती वर येताना. दमलेला माणूस छातीवर रेलून राहतो, आणि मग वेग बरोबर, खोली बरोबर, तरी रक्त फिरत नाही.

मध्ये थांबायचं नाही, याचं कारण गावातल्या हापशावर लगेच समजतं. हापसा मारत राहिलात की पाणी येतं. थांबलात की पाण्याची धार खाली जाते, आणि पुन्हा सुरू केल्यावर पहिले काही हापसे कोरडेच जातात. छातीचंही तसंच. दाब थांबताच रक्तवाहिन्यांतला दाब कोसळतो आणि तो पुन्हा चढायला कितीतरी दाब लागतात. म्हणून 'बघू या, आले का शुद्धीवर' म्हणून दर अर्ध्या मिनिटाला थांबणं हे नुकसानच. थांबावंच लागलं तर दहा सेकंदांच्या आत. उत्तम सीपीआरमध्येही रक्त नेहमीच्या पाव हिश्शाच्या आसपासच फिरतं. त्यातून गळती परवडत नाही.

बरगडीचं म्हणाल, तर मोडू शकते. वयस्कर माणसात तर बऱ्याचदा मोडते. पहिल्या काही दाबांत 'कट्' असा आवाज येतो किंवा हाताखाली काहीतरी सुटल्यासारखं वाटतं आणि मग छाती मऊ लागते. इथेच बरेच लोक हात काढून घेतात. काढू नका. हात मधोमध आहे ना, एवढं बघा आणि चालू ठेवा. मोडलेली बरगडी काही आठवड्यांत जुळते. बायपासमध्ये मधलं हाड उभं कापून स्टीलच्या तारांनी बांधतात. दोन-तीन महिन्यांत ते जुळतं आणि चार वर्षांनंतर ते तुमच्या-माझ्या हाडासारखंच. तारा आत असतातच, त्या टोचून काही होत नाही. ऑपरेशन महिन्याभरापूर्वीचं असतं तरी उत्तर हेच असतं: दाबा. रक्त पातळ करणाऱ्या गोळीने आत थोडा रक्तस्राव होण्याचा धोका वाढतो, पण ते हॉस्पिटलला बघता येतं. थांबलेलं हृदय मात्र तोवर वाट बघत नाही. पेसमेकर असला तरी दाबायचंच. शरीरात बसवलेलं धक्का देणारं यंत्र असेल आणि त्याने मध्येच धक्का दिला, तर दाबणाऱ्याला फार तर मुंग्या आल्यासारखं वाटतं.

(जाता जाता: ही पद्धत १९६० साली बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समधून जगासमोर आली. ती मांडणाऱ्या तिघांपैकी कोवेनहोवेन हे डॉक्टर नव्हते, विजेचे इंजिनियर होते. धक्का देण्याच्या जड पॅडलनी प्राण्याची छाती दाबली गेली की धक्क्याआधीच रक्तदाब थोडा वर जातो, हे त्यांच्या सहकाऱ्याच्या, निकरबॉकर यांच्या लक्षात आलं आणि तिथून हे सुरू झालं. त्याआधी हृदय चालू करायचं तर छाती उघडून हाताने दाबावं लागे.)

तुम्ही दोघं आहात, तेव्हा काम वाटून घ्या. हाक मारून प्रतिसाद नाही असं दिसताच आईने फोन स्पीकरवर टाकून १०८ लावायचा, तुम्ही श्वास बघून दाबायला लागायचं. फोनवर सांगायचं ते ठरलेलं असू द्या: 'माणूस बेशुद्ध, श्वास नाही, सीपीआर चालू आहे', मग पत्ता, मजला, लिफ्ट नाही, जवळची खूण. फोन समोरच्याने ठेवेपर्यंत ठेवायचा नाही. मग दरवाजा उघडा टाकून शेजाऱ्यांना हाक. एक जण खाली गेटवर, कारण ॲम्ब्युलन्स सोसायटीत येऊन विंग शोधत फिरते. एकटेच असाल तर फोन शेजारी जमिनीवर, स्पीकरवर, आणि बोलता बोलता हात चालू.

दर दोन मिनिटांनी माणूस बदला. दमल्यासारखं वाटायच्या आधीच दाब उथळ होतो, आणि दाबणाऱ्याला तो कळत नाही. म्हणून 'मला जमतंय' यावर विश्वास ठेवायचा नाही, घड्याळावर ठेवायचा. आईचे गुडघे दुखतात म्हणालात, तर जाड घडी केलेली गोधडी गुडघ्याखाली टाका. त्यांचा दाब तुमच्याइतका खोल जाणार नाही, तरी मिनिटभर तुम्हाला श्वास घ्यायला पुरेल. शेजारचा विशीतला मुलगा असेल तर त्याला आत्ताच एकदा सांगून ठेवा. बदलताना दुसऱ्याने समोरच्या बाजूला हात तयार ठेवून बसायचं आणि 'दहा' आल्यावर लगेच हात टाकायचे.

इथपर्यंतचं एका दमात सांगायचं तर: हाक, दहा सेकंद श्वास बघणं, १०८, जमिनीवर पाठीवर, छातीच्या मधोमध पाच-सहा सेंटिमीटर, मिनिटाला शंभर ते एकशेवीस, पूर्ण वर सोडणं, दोन मिनिटांनी बदल. श्वासाशिवाय एवढंच आलं तरी पुष्कळ आहे.

आता तोंडाने श्वास. अचानक हृदय थांबलेल्या मोठ्या माणसाच्या रक्तात पहिली काही मिनिटं पुरेसा ऑक्सिजन असतो. तो फिरवणारा पंप बंद पडलेला असतो. म्हणून नुसतं दाबलं तरी चालतं. आपल्याकडे भूलतज्ज्ञांच्या पुढाकाराने २०१७ साली सामान्य लोकांसाठी जी पद्धत ठरली, ती हीच: फक्त छाती दाबणं, त्याला 'कॉल्स' म्हणतात. तोंडाला तोंड लावायच्या किळसेने किंवा भीतीने लोक काहीच करत नाहीत, त्यापेक्षा हे शंभर पटीने चांगलं. पण तुमच्याकडे ॲम्ब्युलन्सला वीस मिनिटं लागणार असतील, तर मधल्या काळात तो साठा संपतो. शिकलेला माणूस असेल आणि तयारी असेल तर तीस दाबांनंतर दोन श्वास द्यावेत.

श्वास द्यायचा तर एक हात कपाळावर, दोन बोटं हनुवटीच्या हाडाखाली, डोकं मागे कलतं. असं केल्याशिवाय जीभ मागे पडून वाट बंदच राहते. नाक चिमटीत, तोंडावर तोंड घट्ट, एका सेकंदात नेहमीएवढाच श्वास. छाती जराशी वर आलेली दिसली की पुरे. जोरात फुंकर घातलीत तर हवा पोटात जाते, पोट फुगतं, उलटी वर येते आणि ती फुप्फुसात जाते. छाती वर आली नाही तर डोकं पुन्हा नीट करून एकदाच प्रयत्न, मग लगेच दाब. कवळी घट्ट बसलेली असेल तर राहू द्या, तिने ओठांना आधार मिळतो. सैल असेल तर काढा. दोन श्वासांसाठी दहा सेकंदांच्या वर थांबू नका. जमत नसेल तर सोडून द्या आणि दाबत राहा.

काही प्रसंगांत मात्र श्वास वगळून चालत नाही, कारण तिथे ऑक्सिजनच आधी संपलेला असतो. पाण्यात बुडालेला, गळफास, धुराने गुदमरलेला, लहान मूल. विहिरीतून किंवा समुद्रातून काढलेल्याला पालथं घालून पोट दाबणं, पाय धरून उलटं करणं हे अजून चालतं. ते बंद करा. त्याने पोटातलं पाणी बाहेर येतं, फुप्फुसाला उपयोग शून्य, आणि वेळ जातो. पाठीवर झोपवून आधी दोन श्वास (युरोपात पाच शिकवतात), मग तीस-दोन. मण्यार चावल्यावर वेगळंच होतं: विषाने स्नायू लुळे पडतात, पापण्या जड होतात आणि हृदय चालू असतानाच श्वास थांबतो. अशा माणसाला हॉस्पिटलपर्यंत नुसता श्वास देत नेलं तरी तो वाचू शकतो. हृदय चालू आहे की नाही याची खात्री नसेल तर दोन्ही करा.

मुलांमध्ये खोली छातीच्या जाडीच्या एक तृतीयांश: मुलाला साधारण पाच, तान्ह्या बाळाला चार सेंटिमीटर. तान्ह्याला पूर्वी दोन बोटांनी दाबायला शिकवत, त्याने पुरेसं खोल जात नाही. अमेरिकन हार्ट असोसिएशनच्या २०२५ च्या सूचनांत ते काढून टाकलंय. दोन्ही हातांनी छाती वेढून दोन अंगठ्यांनी, नाहीतर एका तळहाताच्या मनगटाकडच्या भागाने दाबायचं.

एईडी, म्हणजे आपोआप धक्का देणारं यंत्र, तुमच्या सोसायटीत बहुधा नसेल. विमानतळ, काही मॉल, मोठ्या कंपन्या इथे दिसतं. मिळालं तर झाकण उघडा, ते बोलतं. छाती उघडी आणि कोरडी हवी, घाम पुसा. एक पॅड उजव्या हंसळीच्या खाली, दुसरं डाव्या काखेखाली बरगड्यांवर. पेसमेकरचा फुगीर भाग असेल तर त्याच्यावर नको, थोडं बाजूला. यंत्र 'हात लावू नका' म्हणेल तेव्हाच हात काढा आणि धक्का बसताच लगेच दाब सुरू; उठून बसतात का याची वाट बघू नका. सपाट रेषेवर धक्का देऊन माणूस उठतो ते सिनेमात. यंत्र धक्का नको म्हणालं तर त्याचा अर्थ 'सगळं ठीक' असा नाही, 'दाबत राहा' असा आहे.

फॉरवर्डमधून येणाऱ्या दोन गोष्टी. अटॅक आल्यावर एकट्याने जोरजोरात खोकत राहायचं, याचा घरी उपयोग नाही. तेवढ्या वेळात फोन करा. आणि बेशुद्ध माणसाच्या जिभेखाली सॉर्बिट्रेट (छातीत दुखल्यावर घ्यायची गोळी) ठेवणं, तोंडात पाणी-साखर घालणं नको. गोळी घशात अडकते, आणि तिने रक्तदाब आणखी खाली जातो.

कधी थांबायचं? ते स्वतःहून नीट श्वास घ्यायला लागले, हलले, डोळे उघडले तर. ॲम्ब्युलन्सच्या माणसांनी ताबा घेतला तर. तेही 'चालू ठेवा' म्हणतील, तर ठेवा. किंवा तुमच्यात त्राण उरलं नाही तर. श्वास परत आला पण शुद्ध नाही, असं असेल तर कुशीवर वळवा, वरचा गुडघा पुढे, तोंड किंचित जमिनीकडे. आणि नजर छातीवरून हलवू नका, पहिल्या काही मिनिटांत पुन्हा थांबू शकतं.

दोन गोष्टी खरेपणाने सांगायला हव्यात. चांगली यंत्रणा असलेल्या देशांतही हॉस्पिटलबाहेर हृदय थांबलेल्या दहातला साधारण एकच घरी परततो. सगळं बरोबर करूनही वडील जाऊ शकतात, आणि तेव्हा 'गाडीत घातलं असतं तर' हा विचार येईलच. वरचा जिन्याचा हिशेब त्या दिवसासाठी लक्षात ठेवा. दुसरी: ज्यांच्या घरी असाध्य आजाराच्या शेवटच्या टप्प्यातलं माणूस आहे, त्यांनी सीपीआर करायचा की नाही हे आधीच डॉक्टरांशी आणि त्या माणसाशी बोलून ठरवावं. ते पडल्यावर ठरवता येत नाही. कायद्याची भीती असेल तर, रस्त्यावरच्या अपघातात मदत करणाऱ्याला मोटार वाहन कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीतल्या १३४ अ या कलमाने संरक्षण आहे. स्वतःच्या घरात तर तो प्रश्नच नाही.

व्हिडिओवरून क्रम शिकता येतो, खोली शिकता येत नाही. त्यासाठी मॅनिकिनवर दोन मिनिटं दाबून बघायलाच हवं, आणि ते तुम्ही आणि आई दोघांनी. मोठी हॉस्पिटलं, मेडिकल कॉलेजं, रेड क्रॉसच्या शाखा असे वर्ग घेतात. सोसायटीतले वीस-पंचवीस जण जमले तर शिकवणारे बरेचदा घरी येतात. तोवर टोपण लावलेली रिकामी दोन लिटरची बाटली टॉवेलात गुंडाळून जमिनीवर ठेवा आणि तिच्यावर सरळ कोपराने, एक ते दहा मोजत, दोन मिनिटं दाबा. खोलीचा अंदाज येणार नाही, पण दीड मिनिटाला खांदे काय म्हणतात ते कळेल. आणि पत्ता, मजला, जवळची खूण, वडिलांच्या गोळ्यांची नावं एका कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून दाराच्या आतल्या बाजूला चिकटवा. फोनवर स्वतःचा पिनकोड न आठवणारी माणसं तुम्हाला वाटतात त्यापेक्षा पुष्कळ असतात.